फुटामागे एक सूत

गाडी नुकतीच सुरू झाली होती. आम्ही कोल्हापुरातून अजून निघालो नव्हतो आणि गारगोटीला पोहोचलो होतो.

मागच्या सीटवर आप्पा, म्हणजे माझे सासरे, बसले होते. त्यांच्या हातातला चहा वाफाळत होता. कप मी त्यांना आमच्या फाटकाशी दिला होता. त्या फाटकाची कडी सोडली की ती खांबावर तीन वेळा आपटते. दोन ठोके मी आमच्या घरासमोर ऐकले होते. तिसरा माझ्या आईच्या अंगणात ऐकला. आई सुपात हरभरे घेऊन उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले, मग सुपाकडे पाहिले, आणि निवडलेले हरभरे पुन्हा निवडू लागली.

जयसिंगचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. काटा चाळीसवर होता. माझा नवरा चाळीसच्या पुढे कधीही जात नाही. मी त्याच्या गालाकडे बघत राहिले. काही लपवताना त्याच्या कानाखालची एक शीर उभी राहते, हे मला सोळा वर्षांच्या संसारातून माहीत होते. शीर उभी नव्हती. त्यामुळे मला अधिकच संशय आला.

"रस्ता मोकळा होता," तो म्हणाला.

रस्ता नव्हताच. आप्पांनी चहा संपवला, कप बशीवर पालथा घातला आणि दार उघडून ते उतरले. उतरताना त्यांनी बोनेटवर तळहात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि चटका बसल्यासारखा काढून धोतराला पुसला.

आमची गाडी राखाडी आहे. अकरा वर्षांची, चार दारांची, मागच्या काचेला शाळेच्या सहलीचा अर्धा निघालेला कागद चिकटलेली. सीटची कव्हरे मी घरीच शिवली आहेत, आणि डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. आमच्या कॉलनीत अशा नऊ गाड्या आहेत. वाहनतळावर जयसिंग स्वतःसुद्धा कधी कधी दुसरीच गाडी उघडू पाहतो. अशा गाडीत कोणी काही लपवील, असे कोणाच्या मनात येणार नाही. म्हणूनच ते माझ्या मनात आले.

परतताना मी रस्त्याकडे लक्ष ठेवले. बिद्रीच्या साखर कारखान्याची चिमणी येईल, मग इस्पुर्लीचा चढ, मग कळंब्याचा तलाव, असे मी मनात म्हणत होते. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. त्या रस्त्याचा नकाशा मी न बघता काढू शकते. चिमणी आली. ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिच्याखालून वळण घेतले आणि आमचे फाटक आले. दुसऱ्या खेपेला चिमणीही नव्हती.

जे अंतर आम्ही एकदा जात होतो ते संपत होते. पुन्हा जायला ते उरत नव्हते. इतरांचे तसे काही नव्हते. एसटी दीड तासच घेत होती, मुदाळ तिट्ट्यावर माणसे पूर्वीसारखीच भजी खात उभी राहत होती, आणि माझ्या वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा एका मिलिमीटरनेही बदललेला नव्हता. ते अंतर आमचे होते, त्यामुळे ते आमच्यापुरतेच संपले.

ज्येष्ठ संपेपर्यंत आईचे घर आमच्या समोरच्या बाजूला, गल्लीपलीकडे येऊन थांबले. मला आनंद व्हायला हवा होता. पहिल्या आठवड्यात तो झालाही. मग आई तिच्या उंबऱ्यात बसून माझ्या स्वयंपाकघरात पाहू लागली. मी तांदूळ किती पाण्यात धुते, हे तिला आता दिसत होते, आणि ते चूक आहे, हे ती मला तिथूनच सांगत होती. स्वतःही ती या जवळिकीने खूश नव्हती.

"माहेर लांब असलं तरच ते माहेर गं," ती एकदा म्हणाली. "हे म्हंजे शेजार झाला. लेक रडत आली तर पोचेपर्यंत डोळं तरी वाळायचं. आता वलीच येशील."

तिने जयसिंगला काही विचारले नाही. जावयाला विचारायचे नसते. पण गाडी गल्लीतून जाई तेव्हा ती पाय आत ओढून घेई.

जयसिंग तांत्रिक विद्यालयात ड्रॉइंग शिकवतो. त्याच्या पेन्सिलींची टोके सुईसारखी असतात, आणि रेघ मारताना तो श्वास रोखतो. घरी तो थोडे बोलतो आणि बोललेले मोजके असते. त्या उन्हाळ्यापासून तो रोज सकाळी सहाला उठून गाडी सुरू करू लागला. कुठे जात नसे. वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून बोनेटशेजारी उभा राही, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा हात त्यावर ठेवून. आवाज जवळजवळ नसे. फक्त घरातल्या भांड्यांत ठेवलेले पाणी मधोमध उंच होई आणि तो आत येईपर्यंत उंचच राही.

"रोज कशाला?" मी विचारले.

"बॅटरी उतरते."

"रोज?"

"गार होऊ देत नाहीत," तो म्हणाला, आणि मग थोड्या वेळाने, "बॅटरी."

श्रावणातल्या एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवले. जयसिंग म्हणाला, चाकांत हवा भरून येतो. मी दुधापासून हललेही नाही. साय धरली, कडेला बुडबुडे आले, आणि दूध वर चढायच्या आत तो परत येऊन मोरीत पाय धूत होता. त्याच्या पँटच्या घड्या गुडघ्यापर्यंत ओल्या होत्या. मी गाडीत जाऊन पाहिले. पेडलवर वाळू होती. नदीची नव्हे, पांढरी, बारीक, शिंपल्यांचे तुकडे असलेली. मी एक तुकडा जिभेवर ठेवला. खारट होता.

त्या दुपारपासून आमच्या मागच्या भिंतीपलीकडे समुद्र ऐकू येऊ लागला.

मी शाळेत मुलींना समुद्रसपाटी शिकवते. कोल्हापूर तिच्यापासून साडेपाचशे मीटर उंच आहे. भिंतीवरून वाकले तर समुद्र बराच खाली असायला हवा होता, तो नव्हता. धुण्याच्या दगडाच्या पातळीवर, एक शेत सोडून, तो होता. मीठ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे आणि बारीक ठिपक्यांसारखे पांढरे डाग सोडी. पण मला त्याची काळजी वाटली नाही. समुद्राच्या अलीकडे एक घर होते, काळजी त्याची होती.

जांभ्या दगडाचे, एका खोलीचे, चुन्याने पांढरे केलेले घर. आमच्याकडे त्याची एकच खिडकी होती, हिरव्या रंगाची. मी ते कधीही पाहिलेले नव्हते. समुद्राकाठी आमचे कोणी नाही. माझे नाही, जयसिंगचे नाही. आप्पांचेही नाही. आणि आतापर्यंत एक गोष्ट मला स्वच्छ कळली होती. त्या गाडीमुळे जवळ येत होते ते फक्त आपले असलेले. परके एक झाडही हलले नव्हते.

जेवताना मी म्हणाले, "मागे एक घर आहे."

"हो."

"कोणाचं?"

"असेल कोणाचं तरी."

"आपलं नसतं तर आलं नसतं."

जयसिंगने भाकरीचा तुकडा मोडला, तो आमटीत बुडवला आणि मला आणखी आमटी मागितली. मी वाढली. कानाखालची शीर उभी होती.

चाकांतली हवा त्यानंतर वरचेवर कमी होऊ लागली. प्रत्येक खेपेनंतर घर पुढे सरकलेले असे. शेताएवढे, मग गोठ्याएवढे, मग कपड्यांच्या दोरीएवढे अंतर राहिले.

गणपती उठल्यावर मी रसूलमिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले. ते आमची गाडी पहिल्यापासून सांभाळतात, आणि मला वहिनी म्हणतात. मी विचारले, ह्यांनी तुमच्याकडून गाडीत काही वेगळे बसवून घेतले आहे का. त्यांनी हात पुसले. पुसून झाल्यावर ते फडके धुतले, पिळले, तारेवर पसरले. मग एका मोकळ्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. फरशीवर एक लांबलचक खोल वण होता, नदी आटल्यावर पात्र राहते तसा.

"इंजिन मी बसवलं न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "इंजिन हितं आधीच होतं. मी निस्ती गाडी त्याच्यावर बसवली."

"कशासाठी?"

"ते मी नवऱ्या-बायकोच्यातलं इचारत न्हाई. सर म्हनले, वरून कळता कामा नये. न्हाई ना कळत?" त्यांनी मोठ्या समाधानाने मान हलवली. "सायलेन्सर बी जुनाच ठेवलाय. घरच्या गाडीला घरचा खोकला पायजे."

मी चालत घरी आले. गॅरेज घरापासून दीड किलोमीटरवर आहे. मी अकरा पावले चालले.

भाद्रपद सरताना घरातलेही अंतर संपू लागले. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी कप ठेवी आणि तो बाहेरच्या खोलीत जयसिंगच्या कोपरापाशी ठेवलेला असे. आप्पांनी त्यांच्या खोलीत कूस बदलली की माझ्या उशीला खळगा पडे. मी श्वास सोडला तर जयसिंगच्या शर्टाची कॉलर हले. नवराबायकोने जवळ असावे, असे सगळेच सांगतात. पण इतक्या जवळून माणसाचा चेहरा दिसत नाही, त्वचा दिसते. त्याची पापणी मिटताना मला दार ओढल्यासारखा आवाज येई, आणि दारामागे तो काय करतो आहे, ते कळत नसे. पूर्वी आमच्यामध्ये एक खोली असे आणि मी त्याला ओळखत असे.

घर आता आमच्या मागच्या भिंतीला चिकटले होते. खिडकी धुण्याच्या दगडाच्या वर आली होती. तिथे कधी कोणी दिसत नसे. पण सकाळी खिडकी बंद असे आणि संध्याकाळी उघडी, आणि आतून स्टोव्हचा वास येई.

एका दुपारी जयसिंग शाळेत असताना मी दगडावर चढले. मी आधीच ठरवले होते की मला काय दिसणार. दोन उशा. एक आरसा, त्याच्या कडेला टिकली चिकटवलेली. दोन कप. मी त्यांना नजरेने ओळखायला तयार होते, आणि मग काय बोलायचे, ती वाक्येही मी वर्गात मुली नकाशा रंगवत असताना मनात जुळवून ठेवली होती.

खोलीत एक खाट होती. एक ड्रॉइंगचे टेबल, त्यावर सुईसारख्या टोकांच्या तीन पेन्सिली. दोरीवर एक टॉवेल, आमच्या सहांच्या संचातला, जो मी पावसाळाभर शोधत होते. फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. मी पुन्हा मोजले. एक ताट होते. उशी एकच होती, आणि तिला एकाच डोक्याचा खळगा होता.

मी दगडावरून उतरले. जुळवून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही उपयोगाचे राहिले नव्हते. दुसरी बाई असती तर तिच्याशी भांडता आले असते. त्या खोलीत भांडायला कोणीही नव्हते.

संध्याकाळी मी आईच्या उंबऱ्यात जाऊन बसले. डोळे ओलेच होते. वाळायला रस्ता नव्हता. ती म्हणाली, "खंडेनवमी आली. गाडी पुजायची का न्हाई?"

मग मला कळले की काय करायचे.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सारी हत्यारे पाटावर मांडतात. आप्पांनी चाळीस वर्षे उद्यमनगरातल्या कारखान्यांत पॅटर्नमेकर म्हणून काम केले. लोखंडाचा भाग ओतायचा असेल तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो नमुना वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात रस ओततात. ते लाकडी नमुने करणारे आप्पा. त्यांचा रंधा, पटाशा, कानस, जयसिंगचा टी-स्क्वेअर आणि कंपास, माझी विळी, असे सगळे पाटावर येते. हळदकुंकू लावले, झेंडूचे फूल ठेवले, की दसऱ्यापर्यंत त्यातले काहीही उचलायचे नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरलेली असते. हत्याराला वर्षातून एक दिवस विश्रांती. आप्पांनी आयुष्यात हा नियम मोडलेला नाही आणि जयसिंगला मोडू दिलेला नाही.

नवमीला मी पाचला उठले. खुंटीवरून गाडीची किल्ली काढली, पाटावर पटाशीशेजारी ठेवली, तिला हळद लावली, कुंकू लावले आणि वर फूल ठेवले.

सहाला जयसिंग आला. त्याने खुंटी पाहिली. मग पाट पाहिला. हात पुढे केला आणि आप्पा खोकले.

"पुजलीया ती," आप्पा म्हणाले.

"दहा मिनिटांचं काम आहे."

"उद्या कर. आज तिला सुट्टी हाय."

जयसिंगने माझ्याकडे पाहिले. इतक्या जवळून मला त्याचे डोळे दिसले नाहीत. त्यांतली माझी किल्ली ठेवतानाची बोटे दिसली.

दहाला आम्ही गाडीशी गेलो. त्याने ती बाहेरून धुतली होती, बोनेटवर झेंडूची माळ घातली होती, आरशाला आंब्याचा डहाळा बांधला होता. पुढून बोनेट उघडायची जागा माळेने झाकली होती.

"बाहेरूनच लावा," तो म्हणाला.

"देवळात जाऊन कुनी कळसाला कुंकू लावतं व्हय रं?" आप्पा म्हणाले. "उघड."

त्याने उघडले नाही. आप्पांनी माळ बाजूला सारली आणि स्वतः उघडले.

आत ऊन होते. दुपारी पत्र्यातून येते तसे ऊन, पण खालून वर येणारे. इंजिन गाडीपेक्षा मोठे होते. त्याचे सिलिंडर दोन रांगांनी मागे मागे जात होते, पुढच्या सीटच्या खालून, मागच्या सीटच्या खालून, डिकीच्या खालून आणि त्याच्याही पुढे, जिथे अंधुक होते आणि वारा वाहत होता. आप्पा मोजू लागले. सोळाला थांबले. मग त्यांनी वाकून पहिल्या सिलिंडरवरून अंगठा फिरवला, एका जागी, पुन्हा त्याच जागी.

"ही माझी पटाशी हाय," ते म्हणाले.

लोखंडात एक बारीक ओरखडा उमटला होता. आप्पांच्या एका पटाशीच्या धारेला दात पडलेला आहे. तिने तासलेल्या लाकडावर नेहमी तशी रेघ राहते. गेली दोन वर्षे जयसिंग त्यांना ड्रॉइंग आणून देत होता आणि पाणी उपसायच्या पंपाचे भाग म्हणून ते नमुने करून देत होते. निवृत्त माणसाचे हात रिकामे नसावेत, असे मलाही वाटे. लाकडाचा भुसा मीच झाडत असे.

आप्पा पायरीवर बसले. मग विचारले, "ड्रॉइंगात तू सूट धरली हुतीस?"

"धरली होती," जयसिंग म्हणाला.

"किती?"

"फुटामागे एक सूत."

"मी बी धरली," आप्पा म्हणाले.

हे मला समजावून सांगावे लागले नाही. सोळा वर्षे त्या घरात राहून मला ते ठाऊक होते. लोखंड थंड होताना आखडते, म्हणून नमुना फुटामागे एक सूत, इंचाचा आठवा भाग, मोठा करायचा. तो कोणीतरी एकाने मोठा करायचा. ड्रॉइंग करणाऱ्याने खरे माप द्यायचे आणि पॅटर्नमेकरने वाढवायचे, ही रीत. मुलाला वाटले होते, बापाचे वय झाले, विसरतील, म्हणून आपणच वाढवून द्यावे. बाप चाळीस वर्षांत कोणाच्याही मापावर विसंबून राहिलेला नव्हता. सूट दोनदा धरली गेली.

"एक सूट लोखंडाची," आप्पा म्हणाले. "दुसरी कुनी घ्याची? आखडायचं म्हनून ठरलेलं कुटंतरी आखडनारच की." त्यांनी गल्लीपलीकडच्या आईच्या घराकडे पाहिले, मग पुढच्या दाराकडे, मग माझ्याकडे. "आनि गार हू दिलं न्हाईस. भट्टीतनं काढल्यापासनं गरमच ठेवलास."

जयसिंगने फुलांची परडी उचलली.

मी कुंकवाची तबकडी घेतली. उघडलेल्या यंत्राला अर्धे पुजून सोडता येत नाही. मी पहिल्या सिलिंडरला कुंकू लावले, दुसऱ्याला लावले, आणि हात पोहोचेल तिथवर लावत गेले. जोडीने पुजायचे म्हणून जयसिंग पलीकडे उभा राहून फुले ठेवत होता. बोनेटच्या एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला मी होते. लोखंड हाताला कोमट लागत होते. मग नुसते निवलेले.

तेवढ्यात पहिला आवाज आला. टक्. उन्हातून आत आणलेल्या पातेल्यासारखा. मग दुसरा. इंजिन थंड होत होते. आज पहिल्यांदा ते स्वतः आखडत होते.

समोरून आई मला म्हणत होती की अगं शालन, नैवेद्याला मीठ घालू न... आणि तिचे उरलेले वाक्य लांबत गेले. तिचे दार गल्लीएवढे दूर होते, ते मैदानाएवढे झाले. तिच्या अलीकडे चिमणी उगवली, मग चिमणीच्याही अलीकडे शेते आली. आईने हात कपाळाशी धरून माझ्याकडे पाहिले, मग समाधानाने सूप उचलून ती आत गेली. तिच्या दाराचा आवाज मला ऐकू आला नाही.

मागे समुद्र थांबला. कपड्यांच्या दोरीवरचा खारा वारा पडला. प्रत्येक टक् बरोबर काहीतरी आपल्या जागी परत जात होते. स्वयंपाकघर माझ्या पाठीमागे बारा पावलांवर गेले. आप्पा पायरीवर होते, ते पायरीवरच राहिले, पण त्यांना धाप लागल्याचा आवाज आता त्यांच्याच छातीतून येत होता.

मी वळून मागे पाहिले. भिंतीच्या वर हिरवी खिडकी होती. सगळे परत गेले होते आणि ते घर गेले नव्हते. ते जिथे होते तिथेच, आमच्या भिंतीला टेकून, उभे होते. कदाचित तीच त्याची जागा होती.

इंजिनमधून सुटून यायचे अंतर अजून पुष्कळ बाकी होते. ते जिथून निघत होते ती जागा आमच्या दोघांच्या मधली होती. बोनेटच्या पलीकडे जयसिंगचा चेहरा लांब गेला, आणि कितीतरी महिन्यांनी मला तो पूर्ण दिसला. कपाळ, भुवया, कानाखालची शीर. तो थकलेला होता. मला तो आवडला. मला भीती वाटली की आता जे विचारायचे ते विचारले नाही, तर पुढच्या टक् नंतर त्याला ते ऐकू जाणार नाही.

"त्या घरात एकच ताट का आहे?" मी विचारले.

माझे शब्द जाताना मी पाहिले. त्यांना वेळ लागला. ते पोहोचले तेव्हा त्याने मान वर केली.

आप्पा म्हणाले, "सांग तिला."

जयसिंगने हातातले शेवटचे फूल मडगार्डवर ठेवले. ते घसरणार नाही ना, हे बघितले. मग तो वळला आणि फाटकाकडे चालू लागला.

फाटक तिथून आठ पावलांवर आहे. तिसऱ्या पावलाला त्याच्या आणि माझ्यामध्ये ऊस उभा राहिला. चौथ्या पावलाला इस्पुर्लीचा चढ आला. तो त्याने न थांबता चढला. त्याची चाल तीच होती, बेताची, चाळीसच्या आतली. पाचव्या पावलाला तिट्ट्यावरच्या माणसांनी त्याला वाट करून दिली आणि पुन्हा भजी खाऊ लागली. सहाव्या पावलाला त्याची पाठ माझ्या नखाएवढी झाली, आणि तिच्यावरची इस्त्रीची घडी, जी सकाळी मीच घातली होती, मला अजून दिसत होती.

सातवे पाऊल त्याने उचललेले मी पाहिले. ते टेकलेले अजून दिसलेले नाही.